बारावीनंतर टाकीतल्या मोठ्या माशांचे काय करायचे?

दुकानातल्या टाकीत ऑस्कर मासा जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो. काळपट अंगावर केशरी नक्षी, टपोरे डोळे आणि माणूस जवळ आला की काचेशी येण्याची सवय, यांमुळे मुले त्याच्या प्रेमात पडतात. पोटभर खाणे मिळाले तर सुरुवातीला तो महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो आणि दीड-दोन वर्षांत तीस सेंटिमीटरच्या आसपास पोचतो. पुढे तो दहा-बारा वर्षे सहज जगू शकतो. सातवी-आठवीत हट्टाने आणलेला ऑस्कर त्या मुलाची बारावी होते तेव्हा ऐन भरात असतो. मग कोणी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जातो, कोणी मेडिकलसाठी नागपूरला. वसतिगृहाच्या खोलीत दोन कॉट आणि दोन टेबले कशीबशी मावतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत दहा गॅलनची, म्हणजे साधारण अडतीस लिटरची टाकी चालते. पण तेवढ्या पाण्यात वाढलेल्या ऑस्करला धड वळताही येणार नाही.

आणि ऑस्कर तरी त्यातल्या त्यात सोपा. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा खरे तर मेकाँग नदीतला पंगास असतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो, तो बहुतेक वेळा हाच. मोठ्या पाण्यात तो मीटरभराहून लांब होतो, कळपाने राहतो आणि इतका भित्रा असतो की खोलीतला दिवा अचानक लागला तरी काचेवर आपटून तोंड फोडून घेतो. लाल शेपटीचा कॅटफिश हा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांतला मासा. तोही मीटरभराची लांबी ओलांडतो. सिल्व्हर अरोवाना पाऊण मीटरच्या पुढे जातो. काचेवरचे शेवाळ खाईल म्हणून आणलेला बोटभर सकर चाळीस सेंटिमीटरचा होतो आणि शेवाळ साफ करण्यापेक्षा विष्ठेने टाकी जास्त घाण करतो. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ असे विक्रेते सर्रास सांगतात. ते खरे नाही. अपुऱ्या आणि दूषित पाण्यात माशाची वाढ खुंटते, कणा वाकडा होतो आणि आयुष्य घटते. छोट्या टाकीत छोटाच राहिलेला मासा सुखात नसतो, आजारी असतो.

घर सोडण्यापूर्वी पहिला विचार करायचा तो मासा घरीच राहू शकतो का, याचा. नवी जागा, नवे पाणी, प्रवासाचा ताण हे सगळे त्यात टळते. पण हा निर्णय भावनेवर न सोडता हिशेब मांडून घ्यावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत ६८० लिटर मावते आणि काच, स्टँड, वाळू धरून तिचे वजन आठशे किलोच्या घरात जाते. मोठ्या माशांच्या अशा टाकीतले तीस टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचे तर ते दोनशे लिटर होते, म्हणजे वीस लिटरच्या दहा बादल्या. आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येणाऱ्या गावात आणि पन्नाशीच्या आईवडिलांच्या कंबरेला ही गोष्ट साधी नाही. विजेचे मात्र फारसे ओझे नसते. चाळीस वॉटचा फिल्टर रात्रंदिवस चालला तरी महिन्याला एकोणतीस युनिट होतात.

घरातले कोणी मनापासून तयार असेल, तर जाण्याआधी किमान दोन महिने सगळी कामे त्याच्याच हातून करून घ्यावीत आणि मुलाने नुसते बाजूला उभे राहावे. पालकांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक मायेतून होते. मासा काचेशी आला की तो भुकेला आहे असे वाटते आणि दिवसातून चारदा खाणे पडते. न खाल्लेले खाणे कुजते, पाण्यातला अमोनिया वाढतो आणि एका सकाळी मासा तळाशी निपचित दिसतो. आठवड्याच्या मापाच्या सात पुड्या करून दिल्या की हा धोका बराच टळतो. ‘बघू, जमेल तसं करू’ एवढेच उत्तर घरून आले, तर तो नकार समजावा आणि बाहेर घर शोधायला लागावे. बळेबळे स्वीकारलेली जबाबदारी माशाच्या जिवावर बेतते.

या शोधाला वेळ लागतो आणि बहुतेक जण तो उशिरा सुरू करतात. महाराष्ट्रात बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते, एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि नीट होतात, मग निकाल, मग प्रवेशाच्या फेऱ्या. कोणते कॉलेज हे कधी कधी ऑगस्टमध्ये ठरते आणि रुजू व्हायला आठवडाही हातात राहत नाही. त्या आठवड्यात सहा फुटी टाकीचा, अनुभवी, भरवशाचा माणूस सापडणे हा निव्वळ योगायोग. कॉलेज ठरले नसले तरी घर सोडायचे हे बहुधा आधीच ठरलेले असते. त्यामुळे बारावीचा परीक्षा-अर्ज भरतानाच माशासाठी विचारणा सुरू करणे शहाणपणाचे. हिवाळ्यात घर मिळाले तर प्रवासही सोपा होतो, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. वीस अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना साडेसात. विदर्भाच्या मे महिन्यात भर दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पिशवीचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

सगळ्यात चांगले घर म्हणजे मोठेच मासे पाळणारा दुसरा हौशी माणूस. हे लोक स्वतःला ‘मॉन्स्टर फिश’वाले म्हणवतात. प्रत्येक शहरात असे काही जण असतात, त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात आणि मत्स्यालयाच्या दुकानदारांना ते ठाऊक असतात. म्हणून दुकानदाराला ‘मासा घेता का?’ असे विचारण्याआधी ‘मोठ्या टाकीचे तुमचे गिऱ्हाईक कोण?’ असे विचारणे जास्त कामाचे. पुष्कळ दुकानदार मासा परत घेतात आणि बदल्यात खाणे किंवा छोटे सामान देतात. पण दुकानातल्या टाक्या लहान पिल्लांसाठी असतात. फूटभराचा ऑस्कर तिथे अरुंद टाकीत महिनोन्महिने पडून राहू शकतो. मुंबईत कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट इथे शोभेच्या माशांचा मोठा व्यापार आहे आणि तिथे मोठ्या माशाला गिऱ्हाईक लवकर मिळते, पण तो कोणाच्या घरी गेला हे पुढे कळत नाही. ज्याला ते कळायला हवे, त्याने थेट पाळणाऱ्याकडेच द्यावा.

सार्वजनिक मत्स्यालये मासा आनंदाने घेतील, ही समजूतही सोडून द्यावी. त्यांच्याकडे ऑस्कर आणि पंगासची कधीच वाण नसते. शिवाय बाहेरून आलेल्या माशाबरोबर रोग येईल म्हणून त्याला आठवडेच्या आठवडे वेगळे ठेवावे लागते. तरी विचारून पाहायला हरकत नाही. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि शिरगाव, नागपूर, उदगीर इथली मत्स्यविज्ञान महाविद्यालये यांतली तज्ज्ञ मंडळी मासा घेऊ शकली नाहीत, तरी आजाराबद्दल किंवा वाहतुकीबद्दल त्यांचा सल्ला मोलाचा ठरेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याची एक चांगली योजना आहे. सांभाळता न येणारा परदेशी प्राणी तिथे दंडाशिवाय आणि पैसे न भरता देता येतो आणि आधीच पारखून ठेवलेल्या कुटुंबांकडे तो सोपवला जातो. अशी व्यवस्था आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही व्हायला हवी.

घेणाऱ्याची पारख करताना संकोच करू नये. टाकी किती फुटांची आहे, किती महिन्यांपासून चालू आहे, आत सध्या कोण कोण आहे, हे विचारावे आणि शक्यतो जाऊन पाहावे. ‘टाकी उद्या आणतो’ असे म्हणणाऱ्याला मासा देऊ नये, कारण नव्या टाकीत माशाच्या विष्ठेतल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात. फ्लॉवरहॉर्न जातीचा मासा एकटाच ठेवावा लागतो. जोडी जमलेले ऑस्कर एकत्रच द्यावेत. पंगास एकटा दिला तर आणखी बुजतो. किंमत नाममात्र का होईना, घ्यावी; अगदी फुकट मिळालेला मासा दुसऱ्या मोठ्या माशाचे भक्ष्य म्हणूनही नेला जाऊ शकतो. माशाबरोबर एक कागद द्यावा: वय, लांबी, काय आणि किती खातो, पाण्याचे तापमान, बोअरचे की नळाचे पाणी, आधी झालेले आजार. मासा जिवंत गप्पी किंवा गोल्डफिशवर वाढला असेल, तर दोन महिने आधीपासून त्याला दाणेदार खाण्याची सवय लावावी. जिवंत भक्ष्यच खाणारा मासा कोणालाच नको असतो. धडधाकट मोठा ऑस्कर आठवडाभर रुसून उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. गांडूळ किंवा सोललेल्या कोळंबीच्या तुकड्यावरून तो हळूहळू दाण्यांवर येतो.

काही माशांच्या बाबतीत कायदाही पाहावा लागतो. सोनेरी किंवा लाल आशियाई अरोवाना आणि अ‍ॅमेझॉनचा अरापैमा या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा परदेशी जातींसाठी कायद्याला चौथी अनुसूची जोडली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायची असते आणि प्राणी दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचे असते. आशियाई अरोवानाच्या अंगात बहुधा चिप बसवलेली असते आणि सोबत प्रमाणपत्र येते. मासा देताना हे कागद हरवू नयेत. सिल्व्हर अरोवाना मात्र या यादीत नाही.

घर सापडले नाही की एक वाट फार सोपी वाटते. जवळचा तलाव, धरण, नदी, नाही तर शेतातली विहीर. अनेकांना त्यात पुण्यही वाटते, कैदेतला जीव मोकळा केला म्हणून. ही वाट कायमची बंदच ठेवली पाहिजे. पाळीव मासा बाहेर एक तर उपासमारीने, रोगाने, पक्ष्यांच्या चोचीने मरतो, किंवा तगतो. तगला तर जास्त वाईट.

सकरचे उदाहरण पाहावे. दक्षिण अमेरिकेतला हा मासा टाक्यांतून सुटून केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल अशा अनेक राज्यांच्या पाण्यात पसरला आहे. २०२० मध्ये तो वाराणसीजवळ गंगेत सापडला आणि त्याची बातमी देशभर झाली. अंगावर हाडासारखी कडक कवचे आणि टोकदार काटे असल्याने इथला दुसरा मासा त्याला सहसा खात नाही. तो हवेतला प्राणवायू पोटातून घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यातही जगतो. अंडी घालायला काठात बिळे खणतो आणि काठ ढासळतात. जाळ्यात आला तर काट्यांनी जाळे फाटते. त्याला बाजारात भाव नाही, म्हणजे मच्छीमाराची मजुरीही गेली आणि जाळेही. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सुसरीसारख्या जबड्याचा अ‍ॅलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला मासा आहे आणि तो अडीच मीटरपर्यंत वाढू शकतो. २०१८ च्या महापुरानंतर केरळात नदीच्या पाण्यात अरापैमा मिळाला.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. चिलापी (तिलापिया) हा मासा भारतात १९५२ साली मुद्दाम आणला गेला, खाण्यासाठी. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत तोच भरून येतो आणि देशी मासे मागे पडले आहेत. सह्याद्रीच्या नद्यांत जगात दुसरीकडे कुठेही न मिळणारे मासे आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड इथे महसीर माशांना गावाने देवीचे मासे मानून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. असल्या नदीत कोणी ऑस्कर सोडला तर तो देशी माशांची अंडी आणि पिल्ले फस्त करील. शेततळे सुरक्षित वाटते, पण पावसाळ्यात ते भरून वाहिले की पाणी ओढ्याला मिळते. कोई आणि गोल्डफिशसाठी ओसंडून न वाहणारा, जाळी लावलेला सिमेंटचा हौद चालतो. बाकीच्यांना टाकीच हवी.

मासा न्यायचा दिवस ठरला की तयारी दोन दिवस आधी सुरू होते. मोठ्या माशाला अठ्ठेचाळीस तास खायला द्यायचे नाही. पोट रिकामे असले की वाटेत विष्ठा कमी होते आणि पाणी जास्त वेळ चांगले राहते. तासाभराच्या अंतरासाठी झाकणाचे प्लास्टिकचे पिंप उत्तम, पण आधी साबणाचा किंवा तेलाचा अंशही न ठेवता धुतलेले. त्यात टाकीतलेच पाणी निम्मे भरायचे आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावायचा. लांबच्या प्रवासाला दुकानातून ऑक्सिजन पॅकिंग करून घ्यावे: जाड पिशवी, एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू. पिशवी इतकी लांब हवी की मासा आत सरळ राहील. वाकून बसलेल्या माशाच्या अंगाला जखमा होतात. सकर आणि कॅटफिशच्या काट्यांनी पिशवी फुटते, म्हणून दोन पिशव्या एकात एक घालून मधे वर्तमानपत्राच्या घड्या घालाव्यात. सगळे थर्माकोलच्या बॉक्समध्ये ठेवले की उष्णता आणि उजेड दोन्ही बाहेर राहतात. अंधारात मासा शांत असतो.

पकडणे हेच सगळ्यांत अवघड काम आणि तिथेच बहुतेक इजा होतात. जाळी घेऊन भरल्या टाकीत माशामागे धावू नये. आधी दगड, लाकूड, हीटर बाहेर काढावेत. हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटांनीच पाण्याबाहेर घ्यावा. मग पाइप लावून एक तृतीयांश पाणी उरेल इतके काढावे. काढलेल्या स्वच्छ पाण्याने पिंप भरते. दिवा घालवावा. एकाने रुंद तोंडाची पिशवी पाण्याखाली आडवी धरावी, दुसऱ्याने प्लास्टिकच्या पत्र्याने किंवा ताटाने माशाला हळूहळू तिकडे सरकवावे. मासा डोक्याच्या बाजूने पिशवीत शिरला की तोंड उचलायचे आणि पाण्यासकटच पिंपात उतरवायचे. असे केले की मासा हवेत येतच नाही, खवले निघत नाहीत आणि अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत राहतो. हा थरच त्याला रोगांपासून वाचवतो. काटेरी माशाला जाळी लावलीच तर काटे अडकतात. तेव्हा ओढाओढ न करता जाळी कापून टाकावी.

माशाबरोबर फिल्टरमधला स्पंज आणि रिंगाही टाकीतल्याच पाण्यात भिजवून पाठवाव्यात. उपयोगी जिवाणू तिथेच असतात, आणि ते काही तासांत सुकून किंवा गुदमरून मरतात.

पोचल्यावर घाई आणि दिरंगाई, दोन्ही घातक. पिंपातून आलेल्या माशाच्या पाण्यात नव्या टाकीचे पाणी अर्ध्या-पाऊण तासात थोडे थोडे मिसळावे. बंद पिशवीत बारा तास प्रवास केलेल्या माशाची गोष्ट वेगळी. त्याच्या श्वासातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतले पाणी आम्लधर्मी झालेले असते आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि तोच अमोनिया झपाट्याने विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि उघडल्यावर मासा लगेच टाकीत घ्यावा, प्रवासाचे पाणी मात्र आत ओतू नये. टाकीचे नळाचे पाणी क्लोरीन घालवलेले असावे. आत आधीपासून दांडगे मासे असतील, तर दगडांची मांडणी बदलून, दिवा बंद ठेवून, संध्याकाळी नवा मासा सोडावा. मांडणी बदलली की जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि भांडण कमी होते.

नव्या टाकीत ऑस्कर पुष्कळदा एका कुशीवर तळाशी पडून राहतो. रंग फिका पडतो, खाण्याकडे तो बघतही नाही. घेणाऱ्याला वाटते, आजारी मासा गळ्यात मारला. हा ऑस्करचा स्वभाव आहे आणि काही दिवसांत तो उठतो. हे देतानाच सांगून ठेवले तर दोन्हीकडची धास्ती वाचते. कल्ले भराभर हलत असतील, मासा पृष्ठभागाशी तोंड काढून श्वास घेत असेल किंवा अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखे पुंजके दिसत असतील, तर मात्र वाट न पाहता पाणी तपासावे आणि थोडे बदलावे. महिनाभर फोनवर विचारपूस करण्याची मुभा आधीच मागून घ्यावी. न जमल्यास मासा परत कोणाकडे जाईल, हेही ठरवून ठेवलेले बरे.

मासा इतका आजारी असेल की प्रवास त्याला झेपणारच नाही, तर तो कोणाच्या माथी मारू नये. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे आणि उपाय नसेल, तर वेदना न होता शेवट कसा करायचा हेही त्यांनाच विचारावे. त्याला संडासात टाकणे किंवा बर्फाच्या पाण्यात सोडणे हा क्रूरपणा आहे.

मागे उरते ती रिकामी टाकी. तिच्यातल्या पाणवनस्पती, गोगलगायी आणि वाळूही ओढ्यानाल्यात जाता कामा नयेत, कारण त्यांच्याबरोबर बिया आणि अंडी जातात. वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून खताच्या खड्ड्यात टाकाव्यात, वाळू उकळत्या पाण्याने धुऊन सुकवावी. टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालावे. नायट्रेटमुळे ते झाडांना मानवते. टाकी देताना ती पूर्ण कोरडी करून, थर्माकोलच्या पाटावर, चौघांनी उचलावी. बोटभर पाणी राहिले तरी हलवताना ते एका बाजूला धावते आणि सांधे उकलतात.